करिअर ठरवताना पुढच्या संसाराचा विचार: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या एका वर्गात मी दहावी-बारावीच्या पोरांशी आणि त्यांच्या आई-वडिलांशी बोलते. कॉलेज कुठलं, फी किती, हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारले जातात. लग्नाचं काय, पोरंबाळं झाल्यावर कसं, हे मात्र दारात चपला घालताना, हळू आवाजात. जे दारात राहतात ते नंतर फोनवर येतात. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदाचे लिहून काढले. मी पेशाने हिशेबनीस आहे, वकील किंवा डॉक्टर नाही. कायद्याच्या आणि शरीराच्या गोष्टी जेवढ्या पक्क्या आहेत तेवढ्याच सांगितल्या आहेत.

१. अठराव्या वर्षीच संसाराचा विचार कशाला? आधी शिकू देत की पोरांना.

शिकू देतच. लग्न कधी आणि कुणाशी, हे अठराव्या वर्षी ठरवायला कुणीच सांगत नाही. विचार करायचा आहे तो वर्षांचा. कुठला अभ्यासक्रम कितव्या वर्षी संपतो, कमाई कधी सुरू होते, वयाची अट कुठे आडवी येते, एवढं डोळ्यांसमोर असलं म्हणजे झालं. दुसरं असं की आपला संसार कुठल्या गावात होईल हे या वयात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जे बांधून सोबत नेता येईल ते जमवायचं: हातातलं काम, नोकरीची मोजली जाणारी वर्षं आणि कागदपत्रं. पुढची बहुतेक उत्तरं या तिन्हींभोवतीच फिरतात.

२. आराखडा मांडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचं पान घ्या, पाठची बाजू कोरी असते. आडवं धरून १८ पासून ४० पर्यंत वयं लिहा. खाली तीन ओळी काढा: शिक्षण आणि काम, पैसा, घर. घरच्या ओळीत फक्त स्वतःचं लग्न आणि मुलं नाही लिहायची. वडील निवृत्त कधी होणार, धाकट्याची बारावी कधी, आजीचं कोण करणार, हेही तिथेच येतं. लोक ही ओळ रिकामी ठेवतात आणि मग सगळं एकदम अंगावर येतं.

गारगोटीकडून एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. तिला एमबीबीएस करायचं होतं. आम्ही पान भरत गेलो. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे साडेतेवीस. सरकारी कॉलेज मिळालं तर वर्षभराची बंधपत्रित सेवा, म्हणजे बाँडप्रमाणे सरकारी दवाखान्यात काम. मग पदव्युत्तर प्रवेश पहिल्या झटक्यात मिळाला असं धरून तीन वर्षं. अठ्ठावीस कसेबसे. वडील गावातल्या दूध संस्थेत सचिव. त्यांनी पेन मागून घेतला आणि लेकीच्या २८ खाली स्वतःचं वय लिहिलं, ६०. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ''म्हणजे हिचं शिकणं आणि माझी डेअरी एकदमच संपायची.'' बेत काही बदलला नाही, मुलगी मेडिकललाच गेली. पण घराचा वरचा मजला बांधायचं त्यांनी पुढे ढकललं, आणि पदवी होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही हे बापानेच तिथे कबूल केलं.

तुलनेसाठी: दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलात तर १९ व्या वर्षी डिप्लोमा हातात येतो आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन २२ व्या वर्षी इंजिनिअर होता येतं. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, पण परीक्षांच्या वाऱ्या किती होतील हे कुणी सांगू शकत नाही. तिथे दोन वर्षं पेन्सिलने लिहा.

३. संसाराला 'सोपं' पडेल असं एखादं क्षेत्र सांगा.

हा प्रश्न फक्त मुलींच्या आया विचारतात आणि उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं: ''शिक्षिका.'' डी.एड., बी.एड. करून पात्रता परीक्षा द्यायची, मग भरतीची वाट बघायची, आणि अनुदानित संस्थेत जागा निघालीच तर पुढे काय काय विचारलं जातं ते कोल्हापुरात मी वेगळं सांगायला नको. सोपं दिसतं ते सोपं असतंच असं नाही.

क्षेत्राचं नाव बघू नका, त्याला तीन प्रश्न विचारा. हे काम दुसऱ्या गावात नेता येतं का? दोन वर्षं निम्म्यावर आणून पुन्हा वाढवता येतं का? मध्ये थांबलं तर वयाच्या अटीने दार बंद होतं का? नर्सिंग, फार्मसी, हिशेब-कर, फिजिओथेरपी ही कामं पहिल्या प्रश्नात उत्तम उतरतात. नर्सिंगमध्ये रात्रपाळी आहे हे मात्र विसरू नका. वकिली गावाला बांधलेली असते, पक्षकार जोडायला दहा वर्षं जातात. पोलीस भरती तिसऱ्या प्रश्नात अडकते (पाहा प्रश्न ७). तिन्हींत पहिला येणारा धंदा मला अजून सापडलेला नाही.

४. मी मुलगा आहे. मला हे सगळं कशाला?

कारण पोरं तुलाही होणार आहेत, भावा.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तीन पाळ्या चालतात. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा बाप आणि सकाळी नऊला ऑफिसात पोचणारी आई, या घरात तापलेल्या मुलाला दवाखान्यात कोण नेणार, हे लग्नाआधी कुणी बोलत नाही. आईने रजा घ्यायची, हे गृहीतच असतं. तिची रजा संपते, मग बिनपगारी, मग राजीनामा. एका पगारावर घर आलं की मग मुलगा ओव्हरटाइम करतो आणि आणखीच कमी घरी असतो. मुलांनी प्रश्न २ मधलं पान भरताना घरची ओळ माझ्यासमोर भरायची, असा माझा नियम आहे. बहुतेक जण तिथे 'बुलेट' लिहितात.

५. पुण्याला जायचं की कोल्हापुरातच राहायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आयटी, मोठ्या वाहन कंपन्या, संशोधन, जाहिरात यांत काम करायचं असेल तर सुरुवातीची वर्षं पुण्या-मुंबईला घालवावीच लागतात. तिथे शिकायला मिळतं ते इथे मिळत नाही. पण पुणं इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे. रविवारी रात्री मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन बघा, पुण्याच्या गाड्यांना पाठीवर सॅक आणि हातात आईने दिलेला डबा घेतलेली पोरं उभी असतात. पंचविशीत त्यात मजा असते. पस्तिशीत कडेवर मूल आणि इकडे वडिलांची अँजिओप्लास्टी असली की तेच अंतर दुप्पट वाटतं.

कोल्हापुरात काम नाही, हे मात्र अर्धवट माहितीचं वाक्य आहे. उद्यमनगरपासून कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, त्यांना चांगला डिझाइनर आणि दर्जा तपासणारा माणूस हवा असतो. इचलकरंजीला कापड, हुपरीला चांदी, जिल्हाभर साखर आणि दूध. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून आहे, दवाखाने वाढत आहेत. आणि वकिलांसाठी तर चित्रच बदललं: १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामं इथे चालतात. आधी त्यासाठी मुंबईला बिऱ्हाड हलवायची तयारी ठेवावी लागे.

पगार इथे कमी, हे खरं. पण तुलना नुसत्या पगाराची नको. पुण्यातलं भाडं, पाळणाघर, दोन तासांचा रोजचा प्रवास एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला स्वतःचं घर आणि हाकेच्या अंतरावरचे आजी-आजोबा. माझं मत विचाराल तर वयाच्या तिशीपर्यंत बाहेर राहा, शिका, आणि परत यायचं असेल तर इथल्या कारखानदारांशी, दवाखान्यांशी ओळख तुटू देऊ नका. दिवाळीला आलात की एकदा उद्यमनगरात चक्कर टाका. परतीची वाट अशीच उघडी राहते.

६. कर्ज काढून खासगी कॉलेजात शिकवावं का?

आधी मुलींसाठी: २०२४-२५ पासून राज्यात, पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर नाही. एजंटाला पैसे देण्याआधी हे वाचा.

कर्जाचं म्हणाल तर तेही पानावर मांडा. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराची सवलत आणि मग जास्तीत जास्त १५ वर्षांची फेड. बावीसला पदवी, तेवीसला पहिला हप्ता, अडतीसला शेवटचा. म्हणजे लग्न, बाळंतपण, मुलाची पहिली फी हे सगळं हप्ता चालू असतानाच येणार. सवलतीच्या काळातही व्याज चढत असतं. घरच्यांना जमत असेल तर निदान तेवढं व्याज दरमहा भरत राहा. आणि हप्ता लग्नानंतर कोण भरणार हे सासरी आधी सांगा. लपवलेलं कर्ज बाहेर पडल्यावर होणारी भांडणं मी माझ्या टेबलावर पाहिली आहेत.

७. स्पर्धा परीक्षा किती वर्षं द्यायची?

वयाच्या अटी आधी: यूपीएससी खुल्या गटाला ३२ वर्षं आणि ६ प्रयत्न, ओबीसींना ३५ आणि ९, अनुसूचित जाती-जमातींना ३७. एमपीएससी खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. बँकेत अधिकारी व्हायला ३०, लिपिक २८. पोलीस शिपाई खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३.

या आकड्यांतच घोळ आहे. ३८ म्हटलं की वाटतं खूप वेळ आहे. अभ्यासिकेत सात-आठ वर्षं बसलेली, तिशी ओलांडलेली, हातात फक्त बी.ए. असलेली मुलं मी ओळखते. मुलींना घरचे दोन वर्षांत उठवतात आणि मुलांना दहा वर्षं उठवत नाहीत, दोन्ही चूक. मी सांगते की पूर्ण वेळ तीन वर्षं, त्यापुढे कमाई करत. पहिल्या दिवशीच तारीख ठरवा आणि घरातल्या एका माणसाला ती लिहून द्या. आणि बँकेच्या परीक्षा आधी द्या, कारण ते दार आधी बंद होतं.

८. सरकारी नोकरीत दोन मुलांची अट असते म्हणे. जुळी झाली तर?

असते, आणि अभ्यासिकेत कुणी सांगत नाही. राज्य शासनाचे लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम २००५ चे आहेत. अ ते ड, चारही गटांना लागू. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल तर नेमणुकीला अपात्र. अर्जासोबत 'नमुना अ' भरून द्यावा लागतो.

एक मूल आहे आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली, तर ती जुळी एकच धरली जातात. म्हणजे तुम्ही पात्र. पहिल्या खेपेलाच जुळी झाली आणि नंतर तिसरं झालं, तर नियमाच्या शब्दांत ही सूट बसत नाही. दत्तक मूल या मोजणीत धरत नाहीत. नोकरी उशिरा, पस्तिशीत वगैरे मिळवायचा बेत असलेल्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं. आणि ही अट पुरुषांनाही तेवढीच आहे.

९. बाळंतपणाची भरपगारी रजा कुणाला मिळते? मी खासगी ठिकाणी आहे.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत मिळते. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. दोन मुलं हयात असताना पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. गर्भपात झाला तर ६ आठवडे. ही रजा मागायची असते हेच बायकांना माहीत नसतं, लाजेपायी आजारपणाची रजा टाकतात. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा अंगावर पाजायला सुट्टी. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. याचा मूळ कायदा १९६१ चा आणि २६ आठवड्यांची दुरुस्ती २०१७ ची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे, आकडे तेच.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर रजेचे पैसे मालक नाही, ईएसआय देतं. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात आहे का ते आजच बघा. करारावर असाल तर: रजेच्या काळात करार संपला तरी लाभ बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील, म्हणजे लक्ष्मीपुरीतलं दुकान किंवा महाद्वार रोडवरची साड्यांची पेढी, तर हा हक्क नाही. तिथे मालकाशी आधीच बोलून ठेवणं, एवढंच हातात राहतं. सरकारी नोकरीसाठी पाहा प्रश्न १३.

१०. नोकरी लागून दोनच महिने झाले आणि दिवस गेले. रजा बुडाली का?

नाही. अट आहे ती प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असण्याची. दिवस आत्ता गेलेत, म्हणजे तारखेपर्यंत ८० दिवस सहज भरतात. 'एक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही' असं ऑफिसात सांगितलं जातं, त्याला आधार नाही. ईएसआयचा हिशेब वेगळा: आधीच्या दोन अंशदान कालखंडांत (हे सहा-सहा महिन्यांचे असतात) ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे कपात, लागते, त्यामुळे तिथे अगदी नव्या नोकरीत अडचण येऊ शकते.

११. दोन-तीन वर्षं घरी बसले तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं काय?

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात मी ९ वर्षं २ महिने होते. मुलगा दीड वर्षाचा झाला, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं निघालं, राजीनामा दिला. पीएफ सगळा काढला, पेन्शनच्या भागासकट, आणि घराला रंग दिला. पिस्ता रंग. पीएफमधल्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते आणि सहा महिने किंवा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे आणखी चार महिने नोकरी ओढली असती तरी काम झालं असतं. ते सांगणारं कुणी नव्हतं आणि मी हिशेबनीस असून विचारलंही नाही.

तुम्ही एवढं करा. नोकरी सोडली तरी पेन्शनचा भाग काढू नका. तेवढ्या सेवेचं योजना प्रमाणपत्र मिळतं, आणि पुढच्या नोकरीतली वर्षं त्याला जोडली जातात. मधला खंड आड येत नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच ठेवा. ग्रॅच्युइटीला एरवी सलग ५ वर्षं लागतात, आणि २६ आठवड्यांपर्यंतची बाळंतपणाची रजा त्यात सेवा म्हणूनच मोजतात. चार वर्षं आणि काही महिन्यांवर राजीनाम्याचा विचार करत असाल तर कॅलेंडर बघून सही करा.

१२. लग्नानंतर नाव बदललं तर कागदपत्रांचं काय? पोरगी निपाणीला दिली तर?

नाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही. ज्या नावावर दहावीची सनद आहे तेच सगळीकडे ठेवलं तर निम्मी कटकट वाचते. बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद दोन्ही करून ठेवा. भरतीत कागदपत्र पडताळणीला आधार एका नावाचा आणि पदवी दुसऱ्या नावाची घेऊन उभ्या राहिलेल्या मुलींची गंमत नसते.

जात जन्माने ठरते, म्हणून जातीचा दाखला माहेरचाच. नॉन-क्रिमीलेअरला उत्पन्न आई-वडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही. हे सेतू केंद्रातही काही वेळा चुकीचं सांगितलं जातं.

निपाणी, बेळगावला लग्न होऊन जाणार असाल तर महाराष्ट्राचा अधिवास दाखला लग्नाआधीच काढा, नंतर हेलपाटे पडतात. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर राज्याच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो, पण लग्न करून नुकत्याच गेलेल्या मुलीची १५ वर्षं तिथे कुठून भरणार?

१३. दोघंही सरकारी नोकरीत, पण दोन जिल्ह्यांत. एकत्र येता येतं का?

जिल्हा परिषदेच्या शिक्षक बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग आहे. दोघांच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्यातून प्राधान्य मिळतं. एकाच जिल्ह्यात येणं आणि जवळ येणं हे दोन वेगळे टप्पे आहेत. आंतरजिल्हा बदलीला कधी कधी काही वर्षं वाट बघावी लागते, तोवर चंदगड ते गडचिरोली फोनवर संसार. इतर खात्यांत 'शक्यतो एकत्र' एवढंच धोरण असतं, हक्क नाही. लग्न जमवताना दोघंही कायम आहेत म्हणून खूश होऊ नका, नोकरीचा संवर्ग जिल्ह्याचा की राज्याचा, म्हणजे बदली कुठवर होऊ शकते, ते विचारा.

रजांचं: राज्य सरकारी महिलांना १८० दिवस प्रसूती रजा आणि शिवाय पूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत केव्हाही. केंद्रात ती ७३० दिवस आहे आणि बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा. बारावीच्या वर्षासाठी थोडी शिल्लक ठेवणाऱ्या आया शहाण्या.

१४. पीएचडी करतेय. मध्ये मूल झालं तर नोंदणी रद्द होते का?

होत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एरवी सहा वर्षांची मुदत असते, महिलांना दोन वर्षं जादा मिळतात. शिवाय पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. जेआरएफला (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) वयाची अट ३० आहे, महिलांना ५ वर्षांची सूट. मार्गदर्शकाला पहिल्या दिवसापासून कळवत राहा, इतकंच.

१५. मूल कधी हे करिअर बघून ठरवता येतं का?

काही प्रमाणात. स्त्रीची गर्भधारणेची क्षमता साधारण बत्तिशीपासून हळूहळू आणि सदतिशीनंतर झपाट्याने कमी होते. पुरुषांचंही वय लागतं, फक्त त्यांना कुणी सांगत नाही. स्त्रीबीज गोठवून ठेवता येतं, पण ती हमी नसते आणि खर्च मोठा असतो. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा उपचारांना स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ वयोमर्यादा आहे. पाळी अनियमित असेल, थायरॉइड असेल तर लग्न ठरायची वाट न बघता एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. यापुढचं माझं काम नाही.

१६. बघायला आलेले म्हणतात, 'नोकरी करू देऊ की.' विश्वास ठेवायचा का?

'करू देऊ' या शब्दातच परवानगी त्यांच्या खिशात आहे, हे आधी ऐका.

मग पोहे संपल्यावर साधे प्रश्न विचारा. नोकरीबद्दल नाही, दिवसाबद्दल. सकाळचा डबा कोण करतं? घरी पाणी किती वाजता येतं आणि कोण भरतं? माझी बदली सांगलीला झाली तर? पोराला बरं नसेल त्या दिवशी तुम्ही रजा टाकाल का? हा शेवटचा प्रश्न मुलाला विचारायचा, त्याच्या आईला नाही. तो लगेच आईकडे बघतो का, ते बघायचं.

एका मुलीने असंच विचारलं तेव्हा पलीकडून होणाऱ्या सासूबाईच म्हणाल्या, ''मी सांभाळतो की पोराला, तू जा कामाला.'' तिथे लग्न झालं, आणि अजून ती कामाला जाते. दुसरीकडे हेच विचारल्यावर 'पोरगी लई बोलते' म्हणून निरोप आला. मला दोन्ही निकाल बरोबर वाटतात.

१७. आजी-आजोबा आहेत, मग पाळणाघराचा खर्च कशाला?

आजी-आजोबा म्हणजे फुकटचं पाळणाघर नाही. पासष्टीच्या बाईने दोन वर्षांच्या पोरामागे दिवसभर पळायचं हे जमतं किती दिवस? अर्धा दिवस पाळणाघर, अर्धा दिवस आजी, अशी विभागणी केलेली घरं जास्त टिकलेली मी पाहिली आहेत. खर्च आईच्या पगारातून वजा करायची सवयही सोडा. ''पाळणाघरातच निम्मा पगार जातो, मग कशाला नोकरी'' हे गणित बापाच्या पगारातून कुणी करत नाही, आणि ते दोन-तीन वर्षांपुरतंच असतं. तिची सेवेची वर्षं, पीएफ आणि बढती या खर्चाच्या वहीत दिसत नाहीत (पाहा प्रश्न ११).

१८. घरची शेती आणि गोठा आहे. त्यातच राहायचं म्हणतोय. यात आराखडा कसला?

कागदाचा. घरच्या धंद्यात राबणाऱ्याच्या नावावर काय आहे, हा प्रश्न. दूध संस्थेत सभासदत्व कुणाचं, बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं, उसाची नोंद कुणाच्या नावाने आहे? गोठ्यातलं शेण काढण्यापासून धारेपर्यंत सगळं सून करते आणि संस्थेत नाव सासऱ्याचं, हे गावोगावचं चित्र. एक-दोन म्हशींचं तरी सभासदत्व आणि खातं तिच्या नावे करा. भावांचा एकत्र धंदा असेल तर भागीदारीचा करार लेखी हवा, लग्नं व्हायच्या आधी. आणि २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायचं गृहीत धरून आराखडा करू नका.

१९. माझं वय ३४. दोन मुलं, नोकरी नाही. हे सगळं वाचून आता काय उपयोग?

पान उलटं धरा आणि ३४ पासून लिहा. एमपीएससीला खुल्या गटातून चार वर्षं आहेत, मागासवर्गीय असाल तर नऊ. दोनच मुलं असल्यामुळे प्रश्न ८ ची अट आड येत नाही. सहायक प्राध्यापकाच्या नेट परीक्षेला वयाची मर्यादाच नाही. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीलाही नाही, आणि सर्किट बेंच आता दारात आहे. पदवी अर्धी राहिली असेल तर शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. हिशेबाची आवड असेल तर जीएसटी आणि टॅली शिकून गुजरीतल्या, शाहूपुरीतल्या दोन-चार दुकानदारांची खाती घ्या. मी परत उभी राहिले ती अशीच, महिन्याला पंधराशे रुपये देणाऱ्या एका स्टेशनरीवाल्यापासून.

येताना दहावीची सनद, जुना पीएफ क्रमांक असेल तर तो, आणि कॅलेंडरचं पान घेऊन या. मुलांना घेऊन आलात तरी चालेल, मागच्या बाकावर खडू आणि पाटी असते.